न खाकरता वरून पाहणारे

इथं कोणी राहत नाही, असं तुम्ही लिहिलंत. सही तुमची, शिक्का तुमचा. लिहिण्यापूर्वी तुम्ही इथं आला नव्हतात आणि यायची गरजही तुम्हाला वाटली नाही. आकाशातून काढलेला एक फोटो टेबलावर पसरलात, चष्मा पुसलात आणि गार हवेच्या खोलीत बसल्या बसल्या एकोणीस घरांच्या चुली विझवून टाकल्यात. तुमचं नाव घेण्यात अर्थ नाही. नाव घेतलं की तुमची बदली होईल, नवे साहेब येतील आणि म्हणतील, ते आधीच्यांचं काम. म्हणून हे त्या खुर्चीलाच उद्देशून आहे. जो कोणी बसला असेल त्यानं ऐकावं.

यमनाला ही गोष्ट कळली मे महिन्यात. बार्लीची मळणी उरकली होती आणि ती चौकात बसून पीठ चाळत होती. वरून खाकरल्याचा आवाज आला.

"कोण?"

"मी नासिर, मावशी."

"ये."

मग तो वळसा घालून खाली आला. खुर्चीसाठी हे जरा फोडून सांगायला हवं, कारण घर म्हणजे चार भिंती आणि वर स्लॅब एवढंच खुर्चीला माहीत. ट्युनिसियाच्या दक्षिणेला, बनी मझूरच्या टेकड्यांत घरं बांधत नाहीत, खोदतात. दहा विहिरी मावतील एवढा रुंद, चार पुरुष खोल खड्डा घ्यायचा. तो झाला चौक. मग चौकाच्या भिंती आतल्या आत पोखरत खोल्या काढायच्या, त्यांना चुना लावायचा आणि टेकडीच्या उतारावरून चौकापर्यंत एक भुयार आणायचं. तो झाला दरवाजा. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. यमनाचं घर तिच्या सासऱ्यानं, जिलानीनं, एका कुदळीनं सात हिवाळ्यांत खोदलं. भिंतीवर त्या कुदळीचे वार अजून मोजता येतात.

अशा गावात एक नियम असतो, आणि तो कुठल्या पुस्तकात लिहायची गरज पडत नाही. कोणाच्या घराच्या काठाशी जाऊन खाली डोकवायचं नाही. खाली कोणी न्हात असेल, कोणी रडत असेल, कोणी नवऱ्याला शिव्या घालत असेल. वीस पावलं अलीकडे थांबायचं, खाकरायचं, हाक द्यायची. खालून 'ये' आलं की भुयारातून यायचं. जो न खाकरता वरून पाहतो त्याला बनी मझूरमध्ये कोणी मुलगी देत नाही. चोराला देतील, कारण चोर निदान दारातून येतो.

नासिर यमनाच्या बहिणीचा मुलगा, चाळिशीचा, तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवणारा. त्यानं खिशातून एक सरकारी कागद काढला आणि वाचायच्या आधीच हसायला लागला. हसणं चांगल्यातलं नव्हतं.

"मावशी, आपण खाणीत राहतो."

"कसली खाण?"

"ह्यात लिहिलंय. 'निर्जन व अनुत्पादक टेकडी. खाणकामाचे सोडून दिलेले जुने खड्डे, संख्या एकोणीस.' इथं सोलरच्या काचा बसवायच्या आहेत. हरकत असेल तर तीस दिवसांत कळवा, म्हणतात."

"जिथं कोणी राहतच नाही, तिथं हरकत कोण घेणार?"

"तेच तर. पत्रही त्यांनी शाळेच्या पत्त्यावर पाठवलं. इथं कोणाला देणार? खड्ड्याला?"

यमनानं चाळण बाजूला ठेवली. "बघायला कोण आलं होतं?"

"कोणी नाही. वरून बघितलं."

"काठावरून?" तिचा आवाज चढला.

"आणखी वरून. आकाशात यंत्र फिरतं, ते फोटो काढतं. फेब्रुवारीतला आहे."

यमनाचा हात आपोआप पदराकडे गेला आणि तिनं डोकं झाकून घेतलं. "फेब्रुवारीत मी याच चौकात केसांना मेंदी लावून बसले होते. दोन तास! मेल्यांनी सांगायचं तरी."

आता फोटोबद्दल. बनी मझूरच्या माणसांनी पृथ्वीचा तो प्रसिद्ध फोटो पाहिला नव्हता असं समजू नका. यमना सोळा वर्षांची, नुकती लग्न होऊन आलेली होती तेव्हा शाळेच्या मास्तरांनी एका मासिकाचं पान आणलं होतं. काळ्याशार अंधारात निळा, पांढऱ्या ढगांचा गोळा, मधोमध तपकिरी आफ्रिका, आणि आपला देश पार वरच्या काठाला चिकटलेला. सारं गाव पान बघायला जमलं. पोरं म्हणाली, आपल्या चौकातून वर पाहिलं की आकाश असंच तर दिसतं. मास्तर म्हणाले, आता माणसाची दृष्टी बदलणार. आपण सगळे एका गोळ्यावर आहोत हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर कोण कोणाशी भांडेल?

मास्तरांचं म्हणणं किती खरं ठरलं ते सगळ्यांना ठाऊकच आहे. त्या दिवसापासून जगात एकही भांडण झालं नाही, सीमेवरच्या तारा लोकांनी गुंडाळून कपडे वाळत घालायला नेल्या, आणि मोठ्या देशांनी लहान देशांची वाकून माफी मागितली.

म्हातारा जिलानी मात्र पान उलटसुलट करून बघत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "फोटो काढणारा कुठं उभा होता?"

"वर. चंद्राच्या वाटेवर," मास्तर म्हणाले.

"खाकरला का?"

लोक पोट धरधरून हसले. जिलानी हसला नाही. मासिकाचं पान त्यानं मास्तरांना परत दिलं आणि कुदळ घेऊन कामाला गेला.

यमना नासिरला घेऊन जमिनीच्या कार्यालयात गेली. बसनं दोन तास. बरोबर वीजबिल घेतलं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेतला, आणि उगीच रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून अंजिरांची पुडी घेतली. साहेबांचं नाव सोडून देऊ. वय पंचावन्नच्या आसपास, नखं स्वच्छ, बोलणं मऊ. त्यांच्या मागच्या भिंतीवर तोच पृथ्वीचा फोटो, सोनेरी चौकटीत, पार छतापर्यंत. नेत्याची तसबीर त्याच्या शेजारी टपाल-तिकिटाएवढी दिसत होती. एवढं धाडस करणारा माणूस वाईट नसावा, असं यमनाला वाटलं. अर्धा तास वाटत राहिलं.

"बघताय ना?" साहेबांनी मान वळवून फोटोकडे पाहिलं. "बाई, मी रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी पाच मिनिटं याच्याकडे बघतो. काय दिसतं सांगा? सीमा नाहीत. जमाती नाहीत. हे माझं, हे तुझं, काही नाही. माणूस किती क्षुल्लक आहे ते कळतं. ज्यानं हा फोटो मनापासून पाहिला तो जमिनीच्या तुकड्यासाठी भांडणार नाही."

"मग तुकडा तुम्हाला कशाला हवाय?" यमनानं विचारलं.

नासिरला ठसका लागला. साहेब हसले. मऊ माणसं अशा वेळी हसतात.

"मला नको. देशाला हवा. पृथ्वीसाठीच म्हणा ना! धूर न करता वीज तयार होईल. या निळ्या गोळ्याचं रक्षण व्हायला नको?"

"व्हायला हवं. आमच्या घरावरूनच का?"

"घर कुठंय?" साहेबांनी दुसरा फोटो काढला, मोठा, टेबलभर. भुरी टेकडी आणि तिच्यावर देवीचे वण असावेत तसे काळे गोल. "दाखवा बरं, घर कुठंय?"

यमना वाकली. बराच वेळ तिला काही उमगेना. आयुष्यभर ती आतून वर बघत आली होती. वरून आत कसं दिसतं ते तिला कुठून माहीत असणार? नासिरनं एका काळ्या गोलावर बोट ठेवलं. "मावशी, हा तुझा चौक."

"हा? हा एवढासा? यात माझे अकरा रांजण आहेत!"

"हा खड्डा आहे," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "घर म्हणजे छप्पर. नियमात स्पष्ट आहे. फोटोत छप्पर दिसलं तर घर, नाही तर मोकळी जमीन."

"साहेब, माझ्या नवऱ्यानं फ्रान्सला, ल्यों शहरात तीस वर्षं परक्यांच्या घरांवर छपरं घातली. एका छपरावरूनच पडून तो गेला. छप्पर म्हणजे काय ते मला शिकवू नका. आमच्या डोक्यावर अख्खी टेकडी आहे."

"टेकडी नैसर्गिक आहे."

"हे विजेचं बिल बघा. नाव माझं, गाव आमचं."

"हे दुसरं खातं. त्यांना तुम्ही दिसता. आम्हाला दिसत नाही."

"मग या आणि बघा. बसनं दोन तास. जेवूनच जा."

साहेबांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख आलं. "बाई, पूर्वी आम्ही यायचो. घोड्यावर, मग जीपनं. काय व्हायचं? कोणी रडायचं, कोणी कोंबडी कापायचं, कोणी पाय धरायचं. निर्णय वाकडे व्हायचे. आता वरून बघतो. वरून रडणं ऐकू येत नाही. म्हणून वरचा निर्णय निष्पक्ष असतो."

भूगोलाचा मास्तर असल्यानं भिंतीवरचा तो फोटो नासिरलाही जीव की प्राण होता. दर वर्षी तो वर्गात दाखवायचा आणि दर वर्षी त्याच्या अंगावर काटा यायचा. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या भिंतीवरचा फोटो काढणारी माणसं बारा-तेरा दिवसांत खाली उतरली. घरी गेली. तुम्हाला वर जाऊन किती वर्षं झाली?"

यावर साहेबांनी घंटा वाजवली. शिपाई आला. पण मऊ माणूस दार लावतानाही काहीतरी देतो, तसं साहेबांनी दिलं. "अकरा जूनला, मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास यंत्र पुन्हा जाणार आहे. त्या फोटोत छप्पर दिसलं तर मी स्वतः नोंद घेईन. शब्द देतो."

अंजीर त्यांनी ठेवून घेतले.

गावाची बैठक तेलघाणीत भरली. तीही जमिनीखालीच, आत उंट फिरायची जागा आहे म्हणजे माणसंही मावतात. एकोणीस घरांतून पन्नास-साठ जण आले. नासिरनं सगळं सांगितलं आणि मग आपला उपाय सांगितला. प्रत्येक चौकावर पांढरी चादर ताणायची. पांढरं वरून झळाळून दिसतं. जमलं तर वर काळ्या अक्षरांत लिहायचं, आम्ही इथं आहोत.

मग म्हातारा अम्मार हळूच म्हणाला, "बाळा, खड्डा आणि त्यावर पांढरं कापड. शाळेत त्याला काय म्हणतात? आमच्याकडे कबर म्हणतात."

"जित्या माणसांच्या घरावर कफन घालायचं सुचवतोय," मागून कोणीतरी म्हणालं. "आणि हा मुलांना शिकवतो!"

हनिया उठली. हनिया यमनाची शेजारीण, आणि गावातले कुत्रेही तिला वळसा घालून जात. "मला आधी एक सांगा. मंगळवारी सकाळी दहा वाजता, बायकांच्या कामाच्या वेळेला, कोणी परका वरून सगळ्यांच्या चौकांत डोकावणार आहे. बरोबर? आणि आपण काय करायचं? वर बघून हसायचं?"

"हनियाकाकी, ते यंत्र आहे. पुरुष नाही."

"यंत्रामागं कोण बसलंय? तुझी आई?"

"अगं, त्याला माणसांचे चेहरेसुद्धा दिसत नाहीत."

"चेहरे दिसत नाहीत, माणसं दिसत नाहीत, घर दिसत नाही. मग दिसतं तरी काय मुडद्याला? आणि त्याच्या सांगण्यावरून निर्णय घेतात!"

गलका झाला. तेव्हा यमनानं हात वर केला. तिला लोक ऐकत, कारण जिलानीची ती सून होती आणि यातल्या अर्ध्या घरांच्या खोदाईला जिलानीचा हात लागला होता.

"साहेबाला काय हवंय? छप्पर. आपल्याला काय हवंय? कोणी आत डोकावू नये. मग छप्परच घालू. तंबूचं कापड आहे ना सगळ्यांकडे? आजेसासूंच्या वेळचं, उंटाच्या केसांचं? ते जोडून चौकावर ताणायचं. त्याला छप्पर मिळालं, आपली अब्रू झाकली. वर पांढरंही नाही."

असं डोकं बनी मझूरमध्येच चालू शकतं. वरून कोणी पाहणार म्हटलं की बाकीचं जग केस विंचरून, दात दाखवून उभं राहतं. या माणसांनी आपलं अख्खं गाव झाकायला घेतलं. पंधरा दिवस बायका शिवत होत्या. तंबूच्या पट्ट्या, ऑलिव्हची पोती, जुन्या घोंगड्या, जे मिळेल ते. दाभणानं बोटं फुटली. पुरुषांनी खांब रोवले, दोर ताणले. दहा जूनच्या संध्याकाळपर्यंत एकोणीसच्या एकोणीस चौकांवर छप्पर चढलं होतं. कडेची शिवण कुठं उचलली जाऊ नये म्हणून त्यांनी वर माती टाकली आणि काठ चोपून सपाट केला. काम चोख करायची खोड असते एकेका गावाला.

नासिर तेव्हा शाळेत परीक्षेच्या कामात अडकला होता.

मंगळवारी दहा वाजता बनी मझूर भर दिवसा अंधारात बसलं. कोणी भांडं वाजवलं नाही. फोटो हलू नये म्हणून अम्मारनं नातवंडांना श्वास धरायला लावला. यमना आपल्या रांजणांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. डोक्यावर कापड, कापडावर माती, मातीवर आकाश आणि आकाशात तो डोळा. तिला मनातून फार बरं वाटलं. या खेपेला त्यांनी आधी कळवलं होतं. म्हणजे एका परीनं ते खाकरलेच होते.

नासिर शुक्रवारी आला आणि टेकडीवर उभा राहून गाव शोधायला लागला. वीस पावलं अलीकडे थांबायचं तर कशाच्या अलीकडे, तेच त्याला कळेना.

"मावशी!" तो कुठल्याशा दिशेला ओरडला. "कापड कोणत्या रंगाचं आहे?"

"मातीच्या!" जमिनीतून उत्तर आलं. "कसलं असणार?"

तो तिथंच मटकन खाली बसला.

निकाल कळायला दोन आठवडे लागले. साहेबांनी उठून स्वागत केलं. नवा फोटो टेबलावर होता. भुरी टेकडी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नितळ, ताज्या लिंपलेल्या अंगणासारखी. एक डाग नाही.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "खड्डेही बुजलेत. आमचा सपाटीकरणाचा खर्च वाचला."

"साहेब, ते माझ्या आजेसासूच्या तंबूचं कापड आहे. त्याखाली गाव आहे."

"कापड दिसत नाही."

"चांगलं शिवलंय म्हणून दिसत नाही!"

"बाई, चांगलं असो की वाईट, मला जे दिसतं तेच मी लिहू शकतो."

"मी दिसतेय ना? ही इथं उभी आहे तुमच्यासमोर."

"तुम्ही दिसता. पण तुम्ही इथं दिसता. म्हणजे तिथं नाही." हे बोलताना साहेबांच्या चेहऱ्यावर जराही थट्टा नव्हती. ते मनापासून समजावत होते. "हरकत फेटाळली. पंधरा जुलैला आखणी सुरू होईल. वाईट वाटून घेऊ नका. एकदा या फोटोकडे बघा, भिंतीवरच्या. या एवढ्या मोठ्या गोळ्यावर तुमचं-माझं दुःख केवढंसं?"

यमनानं फोटोकडे पाहिलं. मग साहेबांकडे. "तुमचं केवढंसं ते तुम्ही बघा. माझं मला पुरेसं मोठं आहे."

परतीच्या बसमध्ये ती दाभणानं टोचलेले आपले हात बघत राहिली. पंधरा दिवस आपण गावाला बोटं फोडून घ्यायला लावली आणि आपल्याच हातांनी आपली घरं पुसली, हे तिला गिळता येत नव्हतं. हनियासारखी बाई टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. हनिया संध्याकाळी दाभण घेऊन आली आणि मुकाट्यानं शिवण उसवायला बसली.

"बोल की," यमना म्हणाली.

"काय बोलू? वरून बघणाऱ्याला लाज नाही, आणि आपण आपली लाज झाकत बसलो. दोघी मूर्ख. धर ते टोक."

पंधरा जुलैला वाळवंटाकडून शहेली सुटला होता. भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखा तो वारा दिवसभर वाहतो आणि माणसाच्या तोंडातली थुंकी सुकवतो. दोन गाड्या आल्या. चार आखणीवाले उतरले, लाल खुंट्या आणि घण घेऊन, आणि त्यांच्या मागून टोपी घातलेले साहेब. पहिल्या खुंटीचा फोटो वर्तमानपत्रात द्यायचा होता, म्हणून ते आले होते. खड्डे पुन्हा उघडे पडलेले पाहून ते थबकले, पण कागदावर खड्डे नव्हते, तेव्हा त्यांनी नजर पुढे नेली. सवयीनं सगळं जमतं.

पहिली खुंटी नेमकी यमनाच्या भांडाराच्या खोलीवर आली. घणाचा पहिला घाव बसला तसा आत चुन्याचा पोपडा पिठाच्या परातीत पडला. दुसऱ्या घावाला माती. यमना चौकात आली आणि वर तोंड करून तिनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात आखणीवाल्याची आई होती, त्याचा घण होता आणि दोघांची एकत्र सोय होती.

आखणीवाल्याच्या हातून घण सुटला. "साहेब, खालून बाई बोलतेय."

"वारा आहे."

"वारा माझ्या आईचं नाव घेतोय, साहेब."

साहेब तरातरा काठाशी गेले, न खाकरता, आणि वाकले. खाली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. भोवती चुन्याच्या पांढऱ्या भिंती, निळी दारं, सब्जाची कुंडी, दोरीवर वाळत घातलेले कपडे. मोजमाप होईपर्यंत उन्हात तापलेलं डोकं, खाली एकदम एवढं खोल आणि तेवढ्यात ती बाई ओरडली, "डोकावू नका! दारानं या!" साहेबांना गरगरलं. आखणीवाल्यांनी त्यांना काखेत धरलं नसतं तर ते सरळ वरूनच घरात आले असते.

भुयारातून त्यांना चौघांनी आणलं. यमनानं त्यांना आतल्या खोलीत चटईवर निजवलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि रांजणातलं पाणी थोडं थोडं पाजलं. हनिया दारात उभी राहून म्हणाली, "पाणी कसलं पाजतेस? खुंटी घाल घशात." यमनानं तिला डोळ्यांनी गप्प केलं. दारात आलेल्याला खाऊ-पिऊ घातल्याशिवाय काम विचारत नाहीत, मग तो कोणीही असो. यात थोरपणा काही नाही. हात तसेच वळलेले असतात.

अर्ध्या तासानं साहेब उठून भिंतीला टेकून बसले. रंग परत आला होता. समोर बार्लीची भाकरी आली, वाटीत ऑलिव्हचं तेल, मीठ, दोन अंजीर. त्यांनी भाकरी तेलात बुडवली, खाल्ली, दुसरी घेतली. आखणीवालेही जेवले, ज्याच्या आईचा उद्धार झाला होता त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. बाहेर शहेली घोंघावत होता आणि आत हातावरचा घाम सुकून गार लागत होता.

"किती गार आहे हो इथं," साहेब म्हणाले. ते खरंच भारावले होते. "वीज न जाळता! माझ्या कार्यालयात दोन यंत्रं चालू असतात तरी असं होत नाही. हे... हे कोणी केलं?"

"सासऱ्यांनी. कुदळीनं."

"कमाल आहे." त्यांनी भिंतीवरच्या वारांवरून हात फिरवला. मग घड्याळ पाहिलं, टोपी चाचपली आणि उठायला लागले. "उपकार झाले बाई. निघायला हवं. वर अजून सदतीस खुंट्या बाकी आहेत."

यमना दारात बसली. भुयाराकडे जायची वाट तिच्या मागे होती. तिनं आवाज चढवला नाही.

"खाऊन झालं? पाणी हवंय आणखी?"

"नको, पोट भरलं."

"मग आता विचारते. साहेब, तुमचा कागद म्हणतो इथं घर नाही. तो कागद तुमच्याच खिशात आहे, पेनही तुमचंच. तुम्हाला जे दिसतं तेच तुम्ही लिहिता, असं तुम्हीच मला सांगितलंत. आत्ता तुम्ही वर नाही. आत्ता फोटोही नाही. तुमची पाठ या भिंतीला टेकली होती, तुमच्या मिशीला माझं तेल लागलंय, ते पुसू नका. नीट चहूकडे बघा आणि मला सांगा, गेला तासभर तुम्ही कुठं बसला होतात?"

साहेबांनी आखणीवाल्यांकडे पाहिलं. ते आपापल्या भाकरीकडे बघत होते.

"बाई, प्रश्न तसा सरळ नाही..."

"सरळ आहे. खाण होती का ही? मोकळी जमीन होती? बोला की साहेब. कुठं बसला होतात?"